सोडा, चिंच आणि थोडा दम

पुण्यात लोकांची घरं साफ करून द्यायच्या धंद्यात मला आता बरीच वर्षं झाली. दिवाळीआधीची साफसफाई, भाडेकरू गेला की रिकाम्या फ्लॅटची धुलाई, लग्नघरातलं स्वयंपाकघर, असली कामं. बरोबर तीन-चार बायका. सुरुवातीला आमच्याकडे दोन भल्यामोठ्या पिशव्या असत आणि त्यांत रंगीबेरंगी बाटल्या ठासून भरलेल्या. ओट्याची वेगळी, काचेची वेगळी, नळांची वेगळी, फरशीची वेगळी. आता एकच पिशवी उरली आहे. तिच्यात खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व, भांडी घासायचं साधं लिक्विड, जुन्या सुती साड्यांचे तुकडे, टूथब्रश, काथ्या आणि एक प्लास्टिकचं उलथणं. पैसे वाचले हे खरंच, पण पिशवी हलकी झाली ती पैशांपायी नाही. कुठल्या घाणीला काय लागतं हे कळत गेलं, तशा बाटल्या आपोआप गळत गेल्या.

कळायला सुरुवात झाली ती हळदीमुळे. कोथरूडमधल्या एका घरी गॅसमागच्या पांढऱ्या टाइलवर हळदीचे जुने डाग होते. आमच्यातल्या एकीने धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात फडकं बुडवून त्यावरून फिरवलं, तर डाग जायचे सोडून लालभडक झाले. घरच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, पिवळे होते ते परवडले, हे काय करून ठेवलंत!" त्यांचे यजमान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पेपर बाजूला ठेवून ते आत आले, डाग बघून हसले आणि लिंबाची फोड आणून त्यावर पिळली. लाल डाग क्षणात पिवळा. वर पुन्हा सोड्याचं पाणी, पुन्हा लाल. आम्ही सगळ्या हातातलं काम टाकून बघत उभ्या.

"कुंकू दुसरं काय असतं?" सर म्हणाले. "हळदीला क्षार लागला की लाल, आंबट लागलं की परत पिवळी. तुमच्या सगळ्या बाटल्यांची परीक्षा ही एकटी हळद घेईल."

मग त्यांनी चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून बाजूच्या डागावर लावला. तो लालभडक झाला नाही, विटकरी रंगावर थांबला. "हा मवाळ, तो जहाल," एवढंच म्हणून सर पुन्हा पेपर वाचायला गेले. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच साधारण 8.3 असतो आणि धुण्याच्या सोड्याचा 11 च्या आसपास, आणि त्या मापात एक आकडा वर गेला की क्षारपणा दहापट वाढतो, हे मी नंतर वाचलं. पण मवाळ आणि जहाल एवढंच मी आजही नव्या बायकांना सांगते, आणि तेवढं पुरतं. राहता राहिले ते हळदीचे डाग. ते कशानेही घासू नयेत. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कपडा असेल तर धुऊन सरळ उन्हात टाकावा. ती टाइलही खिडकीजवळची होती, पुढच्या वेळी गेलो तेव्हा डाग जवळपास दिसेनासे झाले होते.

तेव्हापासून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या मी एका डबीत ठेवते. लोकांच्या सिंकखाली काय काय सापडतं! पाण्याच्या बाटलीत भरलेलं कसलंतरी पातळ, जॅमच्या बरणीतली पांढरी भुकटी, आणि मालकीणबाई म्हणणार, "ते ना, आधीच्या बाईने आणलं होतं, चांगलं निघतं त्याने." थोडंसं बशीत घेऊन, त्यात पाणी घालून पट्टी टेकवायची. लाल झाली तर क्षार. पिवळीच राहिली तर तिला आधी सोडा लावून लाल करायची आणि मग टेकवायची, परत पिवळी झाली तर आंबट. काहीच कळलं नाही तर त्या बाटलीला हात लावायचा नाही.

घरातली घाण ढोबळमानाने दोन जातींची. स्वयंपाकघरातली बहुतेक तेलकट, बाथरूममधली बहुतेक पाण्यातल्या क्षारांची. पहिलीला सोडा लागतो, दुसरीला आंबट. लोक उलटं करतात. नळावरच्या पांढऱ्या थराला सोडा चोळत बसतात आणि गॅसच्या शेगडीवर व्हिनेगर ओततात. मग दोन्ही निघत नाही म्हणून तारेची घासणी हातात घेतात. तारेच्या घासणीने निघतं, पण त्याबरोबर वरची चकाकीही निघते, आणि खरबरीत झालेल्या जागेवर पुढची घाण दुप्पट वेगाने बसते.

तेलकटपणाचा खरा मुक्काम असतो चिमणीच्या जाळीत, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर आणि ओट्यावरच्या कपाटांच्या माथ्यावर. फोडणीचा धूर वर जातो, थंड होतो, बसतो. त्यावर धूळ, धुळीवर पुन्हा तेल. वर्षभराने त्याचं मेणचट, पिवळट-तपकिरी किटण होतं. बोट लावलं तर बोट चिकटतं. हे नुसत्या साबणाने हलत नाही. जुनं तेल खवट होताना त्यात आम्लं तयार होतात. सोड्यातला क्षार त्या आम्लांना धरतो, त्यांचा थोडा साबण होतो आणि थर खालून सैल पडतो. पण हे हळूहळू होतं. आमच्या कामात सगळ्यांत अवघड काही असेल तर हे "हळूहळू".

कारण गिऱ्हाईक बघत असतं. आम्ही कपाटाच्या माथ्यावर सोड्याचा लेप देऊन, वर ओलं फडकं पसरून थांबलो, की दारातून आवाज यायचा, "काय हो, चहापाणी चाललंय वाटतं?" एका बाईंनी तर पैसे देताना सांगितलं की तुमच्या बायका अर्धा वेळ नुसत्या उभ्याच होत्या. कपाटं आरशासारखी झाली होती, त्याबद्दल चकार शब्द नाही. घासताना दिसणारा हात म्हणजे काम, आणि थांबलेला हात म्हणजे कामचुकारपणा, असं आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. बायकाही मग तक्रार नको म्हणून लेप लावल्या लावल्या घासायला लागायच्या, खांदे दुखवून घ्यायच्या, आणि वर लेप वाया.

यावर मी भांडून काही होणार नव्हतं. मी कामाचा क्रमच बदलला. घरात शिरलो की पहिल्यांदा फक्त लेप. तीन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, असं इडलीच्या पिठाहून थोडं घट्ट करून जिथे जिथे चिकटा आहे तिथे थापायचं. चिमणीची जाळी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवून ठेवायची. करपलेली पातेली भिजत घालायची. आणि मग स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन पंखे, खिडक्या, जळमटं यांच्या मागे लागायचं. तासाभराने परत आलं की किटण उलथण्याने साल निघाल्यासारखं निघतं. शेवटी दोनदा ओल्या फडक्याने पुसायचं, नाहीतर सोडा वाळून पांढरी धूळ उरते आणि काळ्या ग्रॅनाइटवर ती फार वाईट दिसते. दोनदा पुसूनही उरलीच तर तिसरा हात किंचित लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्याचा. कामाचे तास तेवढेच राहिले, बायकांचे खांदे वाचले आणि चहापाण्याचे टोमणे बंद झाले.

जाळी बुडवण्याआधी मात्र ती कशाची आहे हे बघायचं. स्टीलच्या जाड पट्ट्यांची असेल तर खुशाल बुडवा. बारीक विणीची, हातात घेतल्यावर अगदीच हलकी लागली तर ती ॲल्युमिनियमची असते, आणि ॲल्युमिनियमचं आणि क्षाराचं हाडवैर. धुण्याच्या सोड्यात काळपट पडते, फार वेळ राहिली तर खाल्ली जाते. तिला भांड्यांचं लिक्विड, गरम पाणी आणि मऊ ब्रश. घरोघरी हिंडालियमच्या कढया याच पायी काळ्या झालेल्या बघितल्या आहेत. कुठेतरी व्हिडिओ बघून कढईत सोडा घालून पाणी उकळलेलं असतं. करपलेलं निघतं, पण कढई आतून राखाडी-काळी. अशी कढई मी सासरी निघालेल्या एका मुलीच्या हातात पाहिली, आजीची होती म्हणून ती रडवेली झालेली. त्यात चिंचेचा कोळ आणि पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं उकळायला सांगितलं. आंबटाने तो काळा थर बराचसा उतरतो. अगदी नवी होत नाही, पण सोबत न्यायला लाज वाटत नाही इतपत उजळते.

स्टीलचं पातेलं करपलं असेल तर गोष्टच निराळी. तिथे सोड्याइतका भला कोणी नाही. करपलेला भाग बुडेल एवढं पाणी, त्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा, आणि मंद आचेवर दहा मिनिटं उकळी. उकळताना या मवाळ सोड्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून जातो आणि मागे उरतो तो जहाल, म्हणजे धुण्याचा सोडा. म्हणून थंड पाण्यात भिजवलेल्यापेक्षा उकळलेला जास्त काम करतो. गॅस बंद करून रात्रभर तसंच ठेवावं. दूध लागलेलं, खिचडी करपलेली, बासुंदीची खरड, सगळं सकाळी लाकडी चमच्याने सुटतं. चहाने काळे पडलेले कप तर ओल्या बोटावर सोडा घेऊन नुसते चोळले तरी पुरे. सोड्याचे कण काचेहून आणि स्टीलहून बरेच मऊ असतात, त्यामुळे ओरखडा उठत नाही. प्लास्टिकच्या चकचकीत कपाटांवर आणि गाडीच्या रंगावर मात्र तो कोरडा घासू नये. तिथे चकाकी मरते.

आता त्या फेसाबद्दल. गेल्या काही वर्षांत एकही तरुण घर असं लागलं नाही जिथे मला "सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालता ना?" असं विचारलं गेलं नाही. सिंकच्या जाळीत सोडा टाकायचा, वर व्हिनेगर ओतायचं, फस्सकन फेस वर येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं आता आतलं सगळं उखडलं. क्षार आणि आंबट एकत्र आले की एकमेकांना संपवतात. फेस असतो नुसत्या कार्बन डायऑक्साइडचा, आणि तो ओसरला की उरतं किंचित खारट पाणी. ना त्यात सोड्याची ताकद, ना व्हिनेगरची. मघाशी सांगितलेला लिंबूसत्त्वाचा शेवटचा हात तेवढा वेगळा, कारण तिथे सोड्याचं काम झालेलं असतं आणि उरलेला सोडाच घालवायचा असतो. सिंक तुंबतं ते तेलाने, भाताच्या शितांनी आणि भाजीच्या देठांनी. त्यावर मूठभर धुण्याचा सोडा, वर हाताला सोसवेल त्याहून थोडं गरम पाणी, आणि अर्ध्या तासाने रबरी पंप. कडकडीत उकळतं पाणी प्लास्टिकच्या पाइपात ओतू नये, सांधे ढिले होतात. बाथरूमची मोरी तुंबली तर ती केसांनी, आणि केसांना ना सोडा लागू पडतो ना व्हिनेगर. वाकवलेली तार घालून ते ओढूनच काढावे लागतात, कितीही किळस आली तरी.

फेस दिसतो म्हणून पटतो. थांबणं दिसत नाही म्हणून पटत नाही. असो.

पुण्याच्या कडेला नव्या सोसायट्या झाल्या, तिथे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी. नळाच्या तोटीवर, शॉवरच्या भोकांवर, काचेच्या पार्टिशनवर पांढरे थर. हा खार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो आंबटातच विरघळतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे लिंबूसत्त्व, त्यात भिजवलेलं फडकं तोटीला गुंडाळून अर्धा तास. शॉवरला तेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत भरून बांधायचं. पण जे आंबट खाराला विरघळवतं ते दगडालाही खातं, कारण कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या कुळातले. जुन्या वाड्यांतून, चाळींतून, साध्या फ्लॅटमधून कडप्प्याचे ओटे असतात. त्यावर लिंबू, व्हिनेगर, ॲसिड काहीही सांडलं की काळ्या दगडावर पांढुरका चट्टा उठतो. तो डाग नसतो, दगडच तेवढा झिजलेला असतो. तो सोड्यानेही जात नाही आणि साबणानेही. दगड घासून पॉलिश करणाऱ्यालाच बोलवावं लागतं. कडप्प्याला सोड्याचा पातळ लेप, मऊ फडकं आणि भरपूर पाणी, एवढंच.

वासांचा हिशेबही असाच. फ्रिजमध्ये सोड्याची वाटी उघडी ठेवा म्हणतात. ठेवा, बिघडत काही नाही, पण तिच्याकडून फार अपेक्षा धरू नका. वरचा थर ओल धरून कडक होतो आणि आत हवा पोचत नाही. ठेवायचाच तर पसरट बशीत ठेवावा आणि अधूनमधून ढवळावा. त्याहून खरं काम होतं ते लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सोडा घालून फ्रिज आतून पुसल्याने. दाराच्या रबराच्या घडीत टूथब्रश फिरवायचा, तिथे नक्की काहीतरी सापडतं. फुटलेली दुधाची पिशवी, विसरलेलं ताक, आंबलेलं डोश्याचं पीठ, यांचे वास आम्लाचे असतात आणि सोडा त्यांना बरोबर पकडतो.

मासळीच्या वासाला मात्र तो हात टेकतो. एका मालवणी घरी मी फ्रिज पुसत होते आणि वास हटत नव्हता. घरच्या आजी खुर्चीत बसून बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सोड्याने नाही हो जायचा तो. चिंच घे." चिंच कोळून खणाला चोळली, पाण्याने पुसली, वास गेला. मासळीचा वास ज्या पदार्थाचा असतो, ट्रायमिथिलअमाइनचा, तोच मुळात क्षारधर्मी. क्षाराला क्षार काय करणार? त्याला आंबटच हवं. कोकणात मासे धुतल्यावर हाताला लिंबू नाहीतर चिंच लावतात. आजींना हे कारण सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कारण ठेव तुझ्याकडे, पण ती पाटी धू आधी."

जुन्या बायकांकडून असं बरंच मिळालं. आमच्याबरोबरची एक बुलढाण्याकडची. तिच्या घरी पापडखार लोणारहून यायचा असं ती सांगायची. लोणारच्या सरोवराचं पाणी उल्कापातानं झालेल्या विवरातलं, कमालीचं क्षारयुक्त. त्यातला खार काढायचं काम इंग्रजांच्या काळात आणि त्याआधीही चालत असे. आज आपण वापरतो तो सोडा कारखान्यातला. पण राख, रिठे, खार ही घासायची परंपरा घरात असताना "नैसर्गिक सफाई" हे जणू काही परदेशातून आलं असं तरुण मुलं बोलतात तेव्हा मला गंमत वाटते.

गणपती-गौरी जवळ आले की चांदीची कामं येतात. खरं तर ते आमचं काम नव्हे, पण एका घरी करून दिलं आणि तोंडोतोंडी पसरलं. दंतमंजन किंवा पावडर लावून चांदी घासली की काळेपणाबरोबर थोडी चांदीही झिजते, आणि निरांजनावरची नक्षी दरवर्षी पुसट होत जाते. त्यापेक्षा स्टीलच्या परातीत ॲल्युमिनियमची फॉइल पसरावी, चकचकीत बाजू वर. त्यावर चांदीची भांडी, प्रत्येक भांडं फॉइलला टेकलेलं. वरून कढत पाणी आणि लिटरमागे दोन-तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा. बारीक बुडबुडे येतात, अंड्यासारखा वास सुटतो, आणि समईचा काळेपणा डोळ्यांदेखत उतरतो. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. या पाण्यात ॲल्युमिनियम तो गंधक ओढून घेतं आणि चांदी जागच्या जागी राहते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा घरातली सगळी लहान मुलं परातीभोवती जमली होती. मोती, खडे, मीनाकारी असलेलं आणि मुद्दाम काळपट ठेवलेलं ऑक्सिडाइज्ड काही यात घालायचं नाही. मुद्दाम ठेवलेला काळेपणाही ते तितक्याच इमानाने काढून टाकतं.

सोड्याच्या मर्यादा मला सगळ्यांत जास्त कळल्या त्या आजारी माणसांच्या खोल्यांत. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची खोली साफ करायला एका मुलाने बोलावलं. ते गेल्याला आठवडा झाला होता. त्याला त्या खोलीतला वास जायला हवा होता आणि ती गादी मात्र टाकवत नव्हती. लघवी ताजी असेल तर टिपून घेऊन वर सोडा पसरला, रात्रभर ठेवून झटकला आणि गादी उन्हात टाकली की बराच उपयोग होतो. पण जुन्या लघवीतून अमोनिया सुटतो, तो पुन्हा क्षारच, आणि महिनोन्महिने कापसात मुरलेलं कशानेच निघत नाही. भिंती पुसल्या, पडदे धुतले, लोखंडी कपाट आतून-बाहेरून पुसलं. गादीवर सोडा पसरून मी पैसे घेऊ शकले असते. मी त्याला स्पष्ट सांगितलं की दादा, ही गादी जाऊ दे. तो बराच वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. मग स्वतःच एक टोक धरलं, दुसरं आमच्यातल्या एकीने, आणि दोघांनी ती खाली नेली.

अशा खोल्यांत आणखी एक गैरसमज भेटतो, की सोड्याने जंतू मरतात. नाही मरत. तो घाण काढतो, निर्जंतुक करत नाही. आजाऱ्याच्या खोलीत फरशी आधी साबणाने धुऊन मग जंतुनाशक वापरावं, आणि ते सोडा-आंबट कशातही न मिसळता, बाटलीवर लिहिलं असेल तितक्याच पाण्यात.

मिसळण्याचं हे बजावून सांगण्याचं कारण आहे. आमच्या धंद्यातली खरी भीती सोड्याची नाही, ॲसिडची आहे. पुण्यात अजूनही गल्लीत सायकलवरून ॲसिड, फिनेल विकणारे येतात. दुकानातून ॲसिड विकताना घेणाऱ्याची नोंद आणि ओळखपत्र हवं, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिलेले आहेत, पण दारावरच्या बाटलीला कोण विचारतो? बाथरूमच्या टाइल पंधरा मिनिटांत पांढऱ्याफटक होतात म्हणून लोक ते आणून ठेवतात आणि येणाऱ्या बाईच्या हातात देतात. खिडकी नसलेलं बाथरूम, वर चढणारा धूर, हातमोजे नाहीत. त्यात कोणी आधीच ब्लीचिंग पावडर टाकलेली असली तर त्यातून क्लोरिन वायू सुटतो. आमच्यातली एक अशाच एका घरातून खोकत बाहेर आली ती दोन दिवस धड बोलू शकली नाही. त्या दिवसापासून मी नियम केला की आम्ही ॲसिडला हात लावणार नाही. त्यापायी काही घरं सुटली. फरशीवर ॲसिड सांडलंच असेल तर वर सोडा पसरून फेस थांबेपर्यंत थांबावं, मग धुवावं. अंगावर उडालं तर मात्र सोडा नको, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरावं आणि डॉक्टर गाठावा.

तेव्हा दिवाळीला घरकामाला बाई लावाल तर एवढं करा. ॲसिड घरात आणू नका, आणि आणलेलं असेल तर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. सिंकखालच्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर आत काय आहे ते मराठीत लिहून चिकटवा. बाथरूमच्या टाइलला ॲसिडऐवजी लिंबूसत्त्व द्या, किराणा दुकानात सुट्टं मिळतं. त्याला अर्धा-पाऊण तास जास्त लागेल. तेवढा वेळ बाईला बसू द्या, आणि त्या वेळाचेही पैसे द्या.